मोठ्या टीव्हीची किंमत कशात असते? रामबागेतल्या एका प्लाझ्माच्या निमित्ताने

गेल्या महिन्यात इंदूरच्या रामबागेतून काकूंचा फोन आला. "अरे, टीव्ही सुरूच होत नाहीये. आतून टक् असा आवाज येतो, लाल दिवा लुकलुकतो आणि पुन्हा सगळं बंद. दुकानदार म्हणाला, हा प्लाझ्मा आहे, ह्याचं आता काही होत नाही. नवीन घ्या, ह्याचे पाचशे रुपये धरतो. 58 हजारांचा टीव्ही रे तो. पाचशे?"

तो टीव्ही मला चांगला आठवतो. 2011 च्या फेब्रुवारीत, विश्वचषक सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, काका आणि मी महाराणी रोडवरून तो आणला होता. 50 इंची. लोडिंग रिक्षात उभा बांधून, दोन्ही बाजूंनी आम्ही धरून बसलो होतो, कारण दुकानदाराने बजावलं होतं की हा आडवा टाकू नका, मोठी काच आहे, स्वतःच्या वजनानेच तडकेल. त्याच वर्षी 8 डिसेंबरला आपल्या होळकर स्टेडियमवर सेहवागने वेस्ट इंडिजविरुद्ध 149 चेंडूंत 219 धावा काढल्या, तेव्हा काकूंच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. मॅच गावातच, पण तिकीट न मिळालेली सगळी आळी काकूंच्या भिंतीसमोर.

काकूंना नवा टीव्ही बघायला घेऊन गेलो, तर त्यांनी दुकानात उभं राहून फार नेमका प्रश्न विचारला. समोर तीन टीव्ही, तिन्ही 55 इंची. एकाची किंमत चाळीस हजारांच्या आत, दुसऱ्याची सत्तरच्या घरात, तिसऱ्याची लाखाच्या वर. "इंच तेवढेच, मग पैसे कशाचे?" विक्रेत्याने उत्तरादाखल दहा आकडे सांगितले. काकूंच्या चेहऱ्यावर मात्र प्रश्न तसाच राहिला. मी ह्या विषयात बरीच वर्षं रस घेऊन वाचत आणि बघत आलो आहे, आणि माझं ठाम मत आहे की मोठ्या टीव्हीच्या किमतीची किल्ली एकाच प्रश्नात आहे: पडद्यावरचा उजेड येतो कुठून? हे कळलं की पाटीवरचे निम्मे आकडे आपोआप बाजूला पडतात. आणि ते समजून घ्यायला काकूंच्या जुन्या प्लाझ्माइतकं चांगलं उदाहरण नाही.

घरातली ट्यूबलाइट डोळ्यांसमोर आणा. काचेच्या नळीत पाऱ्याची किंचित वाफ असते. वीज सोडली की त्या वाफेतून अतिनील किरण निघतात. ते आपल्याला दिसत नाहीत, पण नळीच्या आतून जी पांढरी पावडर फासलेली असते तिच्यावर ते पडले की पावडर उजळते. आपल्याला दिसतो तो पावडरीचा उजेड. प्लाझ्मा टीव्ही म्हणजे अशा अतिसूक्ष्म ट्यूबलाइटींची भिंत. दोन काचा, त्यांच्यामध्ये मिलिमीटरच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याएवढी फट, आणि त्या फटीत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरं. प्रत्येक घरात पाऱ्याऐवजी निऑन आणि झेनॉन हे वायू भरलेले. वायूतून वीज सोडली की त्याचे अणू विद्युतभारित होतात, त्या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात, नाव तिथूनच आलं. झेनॉनमधून अतिनील किरण निघतात आणि घरात फासलेली पावडर पेटते. एका घरात लाल पावडर, शेजारी हिरवी, त्याच्या शेजारी निळी. तीन घरं मिळून चित्रातला एक ठिपका. काकूंच्या पडद्यावर आडवे 1365 आणि उभे 768 ठिपके आहेत, म्हणजे गुणाकार करून तिनाने गुणलं तर एकतीस लाखांहून जास्त घरं. प्रत्येक घर स्वतःच पेटतं, स्वतःच विझतं. मागे वेगळा दिवा नाही. एवढं वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

ही कल्पना टीव्हीसाठी जन्मलीच नव्हती. 1964 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन ह्यांनी पहिला प्लाझ्मा पडदा केला, तो 'प्लेटो' नावाच्या शिकवणाऱ्या संगणकासाठी. त्यावर फक्त निऑनचा केशरी रंग दिसायचा. पूर्ण रंगातला मोठा पडदा यायला 1990 चं दशक उजाडलं, आणि त्यात जपानच्या फुजित्सूचा वाटा मोठा. 1997 मध्ये अमेरिकेत फिलिप्सचा 42 इंची प्लाझ्मा दुकानात आला तेव्हा त्याची किंमत 14,999 डॉलर होती. तेव्हाच्या छत्तीस रुपये डॉलरच्या हिशोबाने साडेपाच लाखांच्या जवळ. आणि त्यात ठिपके किती, तर 852 गुणिले 480. आजच्या साध्या फोनच्या पडद्यावर त्याहून कितीतरी जास्त असतात.

आता एक गंमतीची अडचण. प्लाझ्माचं घर एकतर पेटतं नाहीतर विझतं, त्याला मंद पेटता येत नाही. मग चेहऱ्यावरची हलकी सावली, संध्याकाळचा राखाडी रंग कसा दाखवायचा? ह्याचं उत्तर किराणा दुकानातल्या तराजूत आहे. दुकानदाराकडे 1, 2, 4, 8, 16, 32, 64 आणि 128 ग्रॅमची आठच वजनं असली, तरी त्यांची जुळणी करून तो 1 ते 255 पर्यंतचं कोणतंही वजन मोजून देऊ शकतो. करून बघा, एकही आकडा सुटत नाही. प्लाझ्मा उजेडाचं तसंच करतो. आपल्याकडे टीव्हीवर सेकंदाला 50 चित्रं येतात. प्रत्येक चित्राच्या त्या पन्नासाव्या हिश्श्यात तो आठ, दहा, बारा तुकडे पाडतो. काही तुकडे क्षणभराचे, काही लांब. ज्या घराला मंद दिसायचं आहे ते फक्त लहान तुकड्यांत पेटतं, ज्याला झगझगीत दिसायचं आहे ते सगळ्यांत. आपला डोळा इतका वेगवान नाही, तो ह्या सगळ्याची बेरीज करतो आणि त्याला राखाडी दिसतं.

काकांच्या टीव्हीच्या खोक्यावर ठळक अक्षरांत '600 हर्ट्झ', म्हणजे सेकंदाला 600 वेळा, असं छापलं होतं. तो आकडा इथून येतो: 50 चित्रं गुणिले 12 तुकडे. सेकंदाला 600 चित्रं असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. त्याच सुमारास दुकानात शेजारी असलेल्या एलसीडीवर, म्हणजे मागे दिवा असलेल्या दुसऱ्या जातीच्या टीव्हीवर, 100 किंवा 200 लिहिलेलं असायचं, आणि लोक 600 मोठा म्हणून खूश व्हायचे किंवा एवढं कशाला लागतंय म्हणून गोंधळायचे. दोन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टींचे. शेर आणि फूट ह्यांची तुलना करण्यासारखं ते होतं. आजही पाटीवर असे आकडे असतातच, फक्त नावं बदलली आहेत.

प्लाझ्मावर माझा इतका जीव का, ते रात्री दिवे मालवल्यावर कळायचं. अंधारातला प्रसंग आला की पडद्याचा तो भाग खोलीतल्या अंधारात मिसळून जायचा, चौकटच दिसेनाशी व्हायची. एलसीडीला हे जमत नव्हतं, आणि कारण साधं आहे. एलसीडीच्या मागे दिवा सतत पेटलेला असतो. पुढचे द्रवस्फटिक खिडकीच्या झडपांसारखं काम करतात: उघडले की उजेड बाहेर, मिटले की अंधार. पण झडप कितीही घट्ट लावा, फटीतून कवडसा येतोच. म्हणून एलसीडीचा काळा रंग खरा काळा नसतो, धुरकट निळसर असतो. प्लाझ्माचं विझलेलं घर जवळजवळ पूर्ण काळं, कारण मागे काहीच पेटलेलं नाही. पायोनियर कंपनीने 2007 मध्ये ह्याच गुणावर एक मालिका काढली आणि तिला नाव दिलं 'कुरो', जपानीत काळा. चित्राची पारख असलेले लोक आजही ते नाव आदराने घेतात.

दुसरा गुण रामबागेसारख्या घरात फार मोलाचा होता. बैठकीत वीस माणसं, त्यातली सहा दाराच्या चौकटीत आणि दोन जिन्यावर. त्या काळच्या एलसीडीकडे तिरपं बघितलं की चेहरे फिके पडत, रंग उलटे दिसत. प्लाझ्माचं प्रत्येक घर सगळीकडे सारखा उजेड फेकतं, त्यामुळे जिन्यावरच्या मुलालाही सेहवागची बॅट तितकीच स्वच्छ दिसत होती. आणि सीमारेषेकडे पळणारा चेंडू चेंडूच दिसायचा, पांढरी रेघ नाही.

उणिवाही होत्या, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात काकूंच्या पडद्यावर तळहात ठेवला की तो नुकत्याच विझवलेल्या तव्यासारखा नाही, पण चहाच्या किटलीसारखा नक्कीच लागायचा. काचेला हात लावला की धूळ चरचर करत बोटांना चिकटायची. पूर्ण पांढरं चित्र आलं, उदाहरणार्थ बर्फाचा डोंगर, की मागून बारीक गुणगुण ऐकू यायची आणि पडदा किंचित मंद व्हायचा. ते मंद होणं बिघाड नव्हता. एकतीस लाख घरं एकदम पूर्ण पेटवायची तर वीज फार लागते, म्हणून टीव्ही स्वतःला आवरतो. रात्रीचा प्रसंग असला की वीज कमी, लख्ख उन्हातली मॅच असली की जास्त. प्लाझ्माचं विजेचं गणित असं चित्रागणिक हलतं.

सगळ्यात दुखरी उणीव काकांच्या सवयीने उघडी पडली. काका दिवसभर एकच बातम्यांची वाहिनी लावून ठेवत. दोन वर्षांनी पाहिलं तर दुसरं काहीही लावलं तरी पडद्याच्या खालच्या भागात एक फिकट आडवा पट्टा आणि कोपऱ्यात त्या वाहिनीच्या चिन्हाची सावली. पावडर जितकी पेटते तितकी झिजते. तीच जागा रोज आठ तास एकाच रंगात पेटत राहिली, तर ती शेजारच्या जागेपेक्षा आधी म्हातारी होते. ह्याला डाग पडणं म्हणतात, आणि खोल गेलेला डाग जात नाही. खोक्यावर 'आयुष्य 1,00,000 तास' असं लिहिलेलं असे. रोज आठ तासांच्या हिशोबाने चौतीस वर्षं. पण तो आकडा सगळ्या पडद्याचा उजेड निम्मा व्हायला लागणाऱ्या वेळाचा. डाग त्याच्या कितीतरी आधी पडतो, आणि मागचे बोर्ड त्याच्याही आधी जाऊ शकतात.

मग इतकं चांगलं चित्र देणारी वस्तू बाजारातून गेली का? काकूंच्या पाचशे रुपयांचं उत्तर इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

2000 नंतरच्या दशकात 42 इंचांच्या पुढे प्लाझ्मा एलसीडीपेक्षा स्वस्त पडायचा. मोठ्या मापाची एलसीडी काच निर्दोष बनवणं तेव्हा अवघड होतं, प्लाझ्माची घरं मोठ्या काचेवर करणं त्या मानाने सोपं. उलट लहान मापात प्लाझ्मा अडायचा, कारण घर फार बारीक केलं की उजेड कमी होतो. म्हणून 20-22 इंची प्लाझ्मा तुम्ही कुणाच्या घरी पाहिला नसेल. कंपन्यांनी मोठेपणातच शर्यत लावली होती. पॅनासोनिकने 2008 मध्ये चक्क 150 इंची प्लाझ्मा दाखवला होता. काका 2011 मध्ये टीव्ही घ्यायला गेले तेव्हा 50 इंची प्लाझ्मा 58 हजारांत मिळत होता, आणि तेवढाच एलसीडी बराच महाग सांगत होते. त्या दिवशीचा त्यांचा निर्णय पूर्ण बरोबर होता, हे मी काकूंना आवर्जून सांगितलं.

पण एलसीडीची काच फक्त टीव्हीत जात नव्हती. लॅपटॉप, संगणक, मोबाइल, सगळीकडे तीच. त्यामुळे कारखान्यांत पैसा तिकडे ओतला गेला. काचेचा तक्ता जितका मोठा, तितके एका तक्त्यातून जास्त पडदे कापून निघतात, जसं मोठ्या पन्ह्याच्या कापडातून शर्ट कमी चिंधीत निघतात. तक्ते मोठे होत गेले आणि एलसीडीचा भाव पडत गेला. प्लाझ्माचा कारखाना फक्त प्लाझ्माच करू शकत होता. त्यात ठिपके वाढवायची स्पर्धा आली. 768 ओळींवरून 1080 वर जाताना प्लाझ्माची घरं लहान झाली, तेवढाच उजेड काढायला वीज जास्त लागली, आणि पुढे 4के म्हणजे 3840 गुणिले 2160 ठिपके म्हटल्यावर तर ते परवडणारंच राहिलं नाही. पायोनियरने 2009 मध्ये टीव्हीतून अंग काढून घेतलं. पॅनासोनिकने 2013 च्या ऑक्टोबरात प्लाझ्मा बंद करत असल्याचं जाहीर केलं, सॅमसंग आणि एलजीने 2014 मध्ये. एखाद्या वस्तूचे सुटे भाग बनणं थांबलं की तिची बाजारातली किंमत तिच्या गुणांवर ठरत नाही.

दुकानांनीही प्लाझ्माचं नुकसान केलं, असं मला वाटतं. महाराणी रोडवरच्या कुठल्याही दुकानात छताला रांगेने दिवे. प्लाझ्माची पुढची काच आरशासारखी, तिच्यात सगळे दिवे दिसायचे आणि चित्र मलूल वाटायचं. शेजारचा एलसीडी निळसर भडक उजेडात चमकायचा. माणूस तिथल्या तिथे एलसीडीवर बोट ठेवायचा, आणि घरी बैठकीतल्या मंद दिव्यात कोणतं चित्र चांगलं दिसेल हे बघायची सोयच नव्हती. आजही टीव्ही निवडताना विक्रेत्याला सांगा की दुकानासाठीचा भडक मोड काढून 'सिनेमा' किंवा 'स्टँडर्ड' मोड लावा. तोच टीव्ही दोन मिनिटांत वेगळा दिसतो.

तर आता त्या तीन 55 इंची टीव्हींकडे येऊ. चाळीस हजारांच्या आतला होता साधा एलईडी. नाव नवं, पण आत एलसीडीच. पूर्वी झडपांमागे बारीक ट्यूब असायच्या, त्यांच्या जागी एलईडी दिवे आले, एवढाच बदल. सत्तरच्या घरातला होता क्यूएलईडी. तोही एलसीडीच, फक्त मागच्या उजेडावर अतिसूक्ष्म कणांचा एक थर असतो आणि त्याने रंग गडद, शुद्ध होतात. ह्याच किमतीच्या आसपास आणि वर मिनी एलईडी असतात. त्यांच्यात मागे शेकडो-हजारो बारीक दिवे गटागटाने लावलेले असतात, आणि चित्राचा जो भाग काळा तिथला गट मंद करता येतो. झडप गळते ना, मग मागचा दिवाच कमी करा, असा हा उपाय. त्यात गट किती आहेत हे विचारा. त्यावरच सगळं अवलंबून आहे आणि विक्रेते ते आपणहून सांगत नाहीत. लाखाच्या वरचा होता ओएलईडी, आणि तो प्लाझ्माचा खरा वारस. त्याचा प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, स्वतः विझतो, मागे दिवा नाही. वायू आणि पावडरीऐवजी सेंद्रिय रसायनाचा पातळ थर, बस. म्हणूनच काळा तसाच काळा, बाजूने चित्र तसंच स्वच्छ, आणि जुनं दुखणंही तसंच: एकच वाहिनी दिवसभर लावली तर डाग पडू शकतो. काका असते तर मी त्यांना ओएलईडी घेऊ दिला नसता.

काकूंना हे एका वाक्यात सांगितलं, "पहिल्या दोघांत मागे दिवा आणि पुढे झडप, तिसऱ्यात लाखो दिवे." त्या म्हणाल्या, "म्हणजे तिसरा आपल्यासारखाच." बरोबर ओळखलं.

इंचांबद्दल एक गोष्ट. टीव्हीचं माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं असतं, पण डोळ्याला दिसतं ते क्षेत्रफळ. 50 वरून 55 इंच म्हणजे पाचच इंच वाटतात, पडदा मात्र 21 टक्के मोठा होतो. 55 वरून 65 म्हणजे जवळपास 40 टक्के. 55 इंची टीव्ही साधारण 4 फूट रुंद असतो, तेव्हा जाण्याआधी भिंतीवर वर्तमानपत्राची पानं जोडून चिकटवा आणि सोफ्यावर बसून बघा. काकूंच्या बैठकीत सोफा आठ फुटांवर आहे, तिथे 55 पुरतो. आठ-नऊ फुटांवरून 55 इंचांत 4के आणि फुल एचडी ह्यांतला फरक फारच थोडा कळतो, शिवाय केबलवर येणाऱ्या वाहिन्या बहुतेक एचडी किंवा त्याहून कमीच आहेत. 4के चित्र येतं ते मुख्यतः इंटरनेटवरून. आता मोठ्या मापात 4के नसलेला टीव्ही मिळणंच कठीण, म्हणून त्यासाठी वेगळे पैसे मोजतोय असं कुणी भासवलं तर मान्य करू नका. स्वस्त टीव्हीवरच्या 'एचडीआर' ह्या शब्दाचंही तसंच. एचडीआर म्हणजे चित्रातला झगझगीत भाग जास्त झगझगीत दाखवायचा संकेत. तो टीव्हीला समजतो एवढंच त्या शब्दाने कळतं. झगझगीत दाखवायची ताकद मागच्या दिव्यातच नसेल, तर शब्दाने उजेड येत नाही.

कराचा हिशोब सोपा आहे. 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवर 28 टक्के जीएसटी होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के झाला. कराआधी 50 हजारांचा टीव्ही पूर्वी 64 हजारांना पडायचा, आता 59 हजारांना पडायला हवा. जुनी छापील किंमत दाखवून 'खास सवलत' म्हणणाऱ्याला हा हिशोब करून दाखवा.

विजेचं मात्र काकूंना पटकन पटलं. त्यांचा प्लाझ्मा सरासरी 250 वॅट घेतो असं धरा. रोज पाच तास म्हणजे सव्वा युनिट, महिन्याला साडेसदतीस. 55 इंची एलईडी 100 वॅटचा धरला तर महिन्याला पंधरा. फरक साडेबावीस युनिटांचा. युनिटला आठ रुपये धरले तर महिन्याला 180 रुपये, वर्षाला दोन हजारांच्या थोडं वर. तुमचा दर बिलावरून घ्या आणि नव्या टीव्हीवरचं ताऱ्यांचं लेबल बघा, वर्षाला किती युनिट लागतील ते त्यावर छापलेलं असतं.

पण काकूंना प्लाझ्मा टाकवत नव्हता. मी तो एका दुरुस्तीवाल्याकडे नेला, पुन्हा उभाच, दोन रजयांत गुंडाळून. त्याने मागचं झाकण काढलं. आत भला मोठा ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर पाच-सहा बोर्ड, आणि कडेने पडद्याकडे जाणाऱ्या चपट्या पट्ट्यांची रांग. प्लग काढल्यावरही त्याने लगेच हात घातला नाही. ह्या बोर्डांवर पडदा पेटवायला दोनशे व्होल्टच्या आसपास वीज साठलेली असते, आणि ती बंद केल्यावरही काही काळ टिकते. घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन प्लाझ्मा कधीही उघडू नका, हे मी अगदी मनापासून सांगतो. मीटर लावून झाल्यावर तो म्हणाला, "वाय-सस गया है, पॅनल अच्छा है." घरांना पेटवत ठेवणारे जे झटके लागतात ते देणारा हा बोर्ड. प्लाझ्मात हा आणि त्याचा जोडीदार, आणि वीजपुरवठ्याचा बोर्ड, हेच बहुतेक वेळा जातात. टक् असा आवाज आणि लुकलुकणारा लाल दिवा म्हणजे टीव्ही स्वतःला वाचवत असतो. नवीन बोर्ड मिळत नाही, पण काच फुटलेल्या त्याच मॉडेलचा काढलेला बोर्ड त्याच्याकडे होता. साडेतीन हजार रुपये, तीन महिन्यांची हमी.

नियम म्हणून मी असं धरतो: पडदा शाबूत आहे आणि काढलेला बोर्ड चार हजारांच्या आत मिळतोय, तर एकदा दुरुस्त करावा. दुसऱ्यांदा गेला तर नाही. पडद्यावर उभ्या रेघा असतील किंवा काच गेली असेल, तर पहिल्यांदाही नाही. आणि टाकायचाच झाला तर भंगारवाल्याला देऊ नका. तो तांबं काढून बाकीचं फोडून टाकतो, आणि काही जुन्या पडद्यांच्या काचेत शिसं असतं. इंदूरमध्ये ई-कचरा वेगळा द्यायची सवय लोकांना लागली आहे, मोठा टीव्हीही तसाच द्यावा.

काकूंचा प्लाझ्मा आता मागच्या खोलीत आहे, जिथे उन्हाची तिरीप येत नाही. त्याच्या एचडीएमआयला इंटरनेटची एक कांडी लावून दिली. आता रात्री त्यावर जुने कृष्णधवल मराठी चित्रपट लागतात. काळा रंग अजून तसाच आहे. पट्ट्याची फिकट सावली आहे, पण ती काकूंना काकांची वाटते, त्या ती घालवायला तयार नाहीत.

बैठकीत साधा 55 इंची एलईडी आला. बसवायला आलेल्या मुलाने जुन्या ब्रॅकेटकडे बघून विचारलं की इथे काय टांगलं होतं. प्लाझ्मा तीस किलोंच्या घरातला होता, नवा त्याच्या निम्माही नाही. जुन्या ब्रॅकेटची भोकं नव्या टीव्हीच्या मागच्या भोकांशी जुळत नव्हती, तेव्हा नवा ब्रॅकेट घ्यावा लागला. टीव्ही घेण्याआधी मागच्या चार भोकांमधलं अंतर मोजून घ्या, नाहीतर वाड्याच्या जाड भिंतीत पुन्हा ड्रिल चालवावं लागतं आणि जुन्या चुन्याचा थर हाताएवढा निघून येतो. काकूंच्या भिंतीचा तसाच आला. तिथे आता गवंड्याची वाट बघणं चालू आहे.